सत्त्व शिट्टीतून उडत नाही

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवर सकाळी फेऱ्या मारताना, मीरा रोडच्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये, घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य सारखं ऐकू येतं: ‘ओट्स आणि कुकरमध्ये? अहो, सगळं सत्त्व निघून जातं!’ घरात इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आला की पाठोपाठ हे वाक्यही येतंच. मग जिला सकाळची चर्चगेट लोकल गाठायची आहे, ती बाई अर्धा तास गॅसपाशी उभी राहून तुकडा (स्टील-कट) ओट्स ढवळत बसते. या भीतीचा मला राग येतो, कारण ती खोटी आहे आणि तिच्यापायी कुणाची तरी झोप रोज कमी होते.

सत्त्व जातं म्हणजे नेमकं काय जातं? ओट्समध्ये पिष्ट असतं, प्रथिनं असतात, सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, लोह आणि मॅग्नेशियमसारखी खनिजं, थोडी ‘ब’ जीवनसत्त्वं आणि बीटा-ग्लुकन हा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. यातलं काहीही वाफेवर बसून बाहेर जात नाही. वाफ म्हणजे पाणीच. लोहाची किंवा प्रथिनांची वाफ होत नाही. शिवाय इलेक्ट्रिक कुकरचं झाकण एकदा बसलं की वाफ जवळपास बाहेर पडतच नाही.

मग मुद्दा येतो उष्णतेचा. मीरा-भाईंदर समुद्रसपाटीला, म्हणजे उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं. इलेक्ट्रिक कुकरमध्ये तापमान साधारण 115 अंशांपर्यंत जातं, शिट्टीच्या कुकरमध्ये 120 च्या आसपास. फरक पंधरा-वीस अंशांचा. आणि भाकरीचा तवा? तो सहज 200 अंशांच्या वर असतो. भाकरीचं सत्त्व तव्यावर जळून गेलं, असं कुणी म्हणत नाही. उष्णतेला सर्वांत आधी बळी पडतं ते ‘क’ जीवनसत्त्व, आणि ते ओट्समध्ये नसतंच. ‘ब-1’ थोडं कमी होतं, हे खरं. पण ते पातेल्यातही होतं. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं जास्त वाया जातात ती शिजवलेलं पाणी ओतून दिल्यावर. ओट्सचं पाणी आपण ओतत नाही, खातो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. डाळींची पोषकता वाढवण्यासाठी उकळणं किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवणं ही उत्तम पद्धत, असं त्यांत स्पष्ट सांगितलंय, कारण पचनात अडथळा आणणारे घटक त्याने निकामी होतात. ज्या कुकरमध्ये रोज तूरडाळ लावतो, तोच ओट्ससाठी घातक कसा ठरेल?

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी काढत नाही. पाकिटातले ओट्स कच्चे नसतातच. साल काढल्यावर कारखान्यात दाण्यांना वाफ देऊन ते भाजून घेतात. नाही तर त्यांतल्या विकरामुळे स्निग्धांश लवकर खवट होतो. चपटे ओट्स लाटण्याआधी त्यांना पुन्हा वाफ देतात. म्हणजे ज्या उष्णतेची आपल्याला धास्ती वाटते, ती त्या दाण्याने आपल्या घरी येण्याआधीच सोसलेली असते.

बीटा-ग्लुकनचं काय, असा प्रश्न जाणकार विचारतात आणि तो रास्त आहे. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा छापायला परवानगी दिली. कुकरमधल्या दहा-बारा मिनिटांत हा तंतू नष्ट होत नाही. उलट तो दाण्यातून सुटून पाण्यात उतरतो आणि खिरीला दाटपणा येतो.

इथेच दुसरा गैरसमज: ओट्स मलईदार होतात ते दुधामुळे. म्हणून लोक सुरुवातीलाच दूध ओततात, ते तळाला लागतं, कुकर पडद्यावर ‘बर्न’ दाखवून बंद होतो आणि दोष यंत्राला मिळतो. मऊपणा येतो तो फुगलेल्या पिष्टाने आणि विरघळलेल्या बीटा-ग्लुकनने, त्याला पाणी पुरतं. एक वाटी तुकडा ओट्सला तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. दाब चढल्यावर साधारण आठ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबायचं. झाकण उघडल्यावर वर पाणी तरंगतं आणि दाणे खाली बसलेले दिसतात. अनेकजण इथेच घाबरून पुन्हा कुकर लावतात. तसं करू नका. डावाने तळापासून ढवळा आणि पाचेक मिनिटं थांबा; डाव फिरवला की मागे रेघ उमटायला लागते. आता गरम दूध घाला. दुधातच शिजवायचे असतील तर डाळभातासारखा डबा लावा: कुकरच्या भांड्यात पाणी, वर स्टीलच्या डब्यात ओट्स आणि दूध, डबा अर्ध्याहून कमी भरलेला.

वाफ लगेच सोडली तर वेळ वाचतो, हाही एक भ्रम. ओट्स फेसाळतात, झडप उघडताच चिकट पेज वर उसळते, आणि झडपेत अडकली तर पुढच्या वेळी खरा धोका. भांडं अर्ध्याच्या वर कधीच भरू नका, आणि झाकणाच्या आतली छोटी जाळी दर वेळी काढून धुवा.

बाकीचे थोडक्यात. शिट्टी झाली नाही म्हणजे शिजलं नाही, असं नाही. इलेक्ट्रिक कुकरला शिट्टी नसते, दाब आणि वेळ तो स्वतः सांभाळतो. कुकरमुळे रक्तातली साखर भरभर वाढते म्हणतात, पण जास्त फरक ओट्स किती बारीक केलेत याचा पडतो: 2008 च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात चपट्या ओट्सच्या खिरीचा ग्लायसेमिक निर्देशांक 55, झटपट ओट्सचा 79. मधुमेह असेल तर कुकर बदलू नका, पाकीट बदला. रात्रभर साध्या पाण्यात भिजवल्याने खनिजं शोषण्यात अडथळा आणणारं फायटिक आम्ल निघून जातं, यातही फारसा दम नाही. ते फोडणारं विकर कारखान्यातल्या वाफेतच निकामी झालेलं असतं. ओट्स नाचणीपेक्षा सगळ्याच बाबतींत सरस, हे तर मुळीच खरं नाही. कॅल्शियममध्ये नाचणी कित्येक पटींनी पुढे आहे. आणि विजेचं बिल: 1000 वॉटचा कुकर सलग पंधरा मिनिटं तापला तरी पाव युनिट होतं, मग मीटर अदानीचा असो की टाटाचा.

उरलेली खीर फ्रिजमध्ये घट्ट होऊन थिजते, ती बिघडलेली नसते. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी गरम पाणी घालून मोडा आणि मंद आचेवर ढवळा, पुन्हा सैल होते.