प्लग काढला, तरी करंट कुठून?

आदिलाबाद-किनवट पट्ट्यात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर उघडणारा माणूस आधी प्लग काढतो आणि निर्धास्त होतो. सवय चांगली, पण पुरेशी नाही.

अशा यंत्रात ट्रान्सफॉर्मर घरातली 230 व्होल्टची वीज आणखी चढवतो. पुढे तिची डीसी होते आणि ती सलग मिळावी म्हणून फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारा नळकांड्यासारखा भाग) बसवलेला असतो. त्यात 300 ते 450 व्होल्ट असू शकतात. लाइट गेल्यावर मोटार थांबते, गच्चीवरची टाकी मात्र भरलेलीच असते; तसेच हे. काही यंत्रांत ब्लीडर रेझिस्टर (साठा हळूहळू रिकामा करणारा रोध) असतो, पण तोच तुटला असेल तर?

म्हणून मीटर डीसीवर लावून मोजावे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे खूप भेटतात. ठिणगी उडते, टोक जळते, क्वचित कपॅसिटरही जातो. त्यापेक्षा 10 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी दहा-पंधरा सेकंद जोडावा, दुसरा हात लांब ठेवावा आणि पुन्हा मोजावे. सराव नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्यावे.

हाच कपॅसिटर उष्णतेने आतून वाळतो. व्हॉल्व्हची धग आणि वर आदिलाबादचा मे महिना! मग गिटार गप्प असतानाही स्पीकरमधून 100 हर्ट्झची घरघर येते. दोष बऱ्याचदा विनाकारण व्हॉल्व्हवर जातो, आणि व्हॉल्व्ह महाग असतो.