दुबईची आडत

गावाबाहेरचं गाव : लेखांक ११

मागच्या आठवड्यात आपण भूम-वाशीकडच्या ऊसतोड कुटुंबांसोबत कारखान्याच्या तळावर होतो. या आठवड्यात समुद्र ओलांडायचा आहे.

समुद्राचं नाव काढलं की आपल्याकडे हसू येतं. तेरणा नदीला पाणी टिकलं तर नवल, तिथं समुद्र कसला! पण तुळजापूरच्या पेठेत कुठल्याही दुकानापुढे उभं राहा. कवड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील. आराध्यांच्या गळ्यात कवड्या, गोंधळ्याच्या अंगावर कवड्या, परडीत कवड्या. कवडी हे समुद्री गोगलगाईचं कवच. मालदीवच्या उथळ पाण्यातली ही कवचं शतकानुशतकं जहाजांत भरून भारताच्या किनाऱ्याला लागत आणि सुट्ट्या पैशासारखी चालत. ‘कवडीमोल’ हा शब्द तिथूनच आला. त्या किनाऱ्यावरून कुणीतरी त्या घाट चढवून बालाघाटावर आणल्या. समुद्र आपण पाहिला नसेल, पण समुद्राचा माल गळ्यात घालून फिरणारा आपला धाराशिव जिल्हा आहे.

आणि जिल्ह्यात तेर आहे. आज तेर म्हटलं की संत गोरोबाकाका आठवतात, ते रास्तच. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या जलप्रवासाच्या माहितीपुस्तकात ‘तगर’ या फार मोठ्या शहराचा उल्लेख येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड, साधं आणि तलम दोन्ही, गाड्यांत भरून आडरानातून भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजे आपलं तेर, असं फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडलं आणि पुढे उत्खननांनी त्याला बळ दिलं. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तेरला सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली मिळालेली मूर्ती तिची सख्खी बहीण शोभावी. भडोचहून निघणारी जहाजं तांबडा समुद्र गाठत, तशीच सागवान, चंदन, तांबं घेऊन इराणच्या आखातातल्या बंदरांनाही लागत. त्यामुळे आखाताशी आपली ओळख एजंटाच्या जाहिरातीने झालेली नाही.

पुढे रोमन जगाशी चालणारा तो व्यापार आटला आणि तगरचा दिमाखही उतरला. हे लक्षात ठेवा, दुबई समजून घ्यायला उपयोगी पडेल.

दुबईबद्दल आपल्याकडे पक्का समज असा, की तेल लागलं आणि वाळूत शहर उगवलं. हा समज अर्ध्याहून जास्त चुकीचा आहे. तेलाचा मोठा साठा शेजारच्या अबुधाबीकडे. दुबईत तेल सापडलं १९६६ साली, त्याची पहिली निर्यात १९६९ ची, आणि आज त्या शहराच्या अर्थव्यवस्थेत तेलाचा वाटा शेकड्याला एक-दोनच्या घरात. मग एवढं शहर उभं राहिलं कशावर? बार्शीला किंवा लातूरला सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येतं : दुबई ही आडत आहे. आडत्या काही पिकवत नाही. एकाचा माल उतरवून घेतो, दुसऱ्याला देतो, मधल्या मधे आपली टक्केवारी ठेवतो. त्याचं भांडवल म्हणजे जागा, ओळख आणि माल लवकर हलवण्याची हातोटी.

ही हातोटी दुबईने फार आधी दाखवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगा बंदरात जकात वाढली. दुबईच्या शेखाने आपल्याकडची जकात उठवली, तशी तिथली व्यापारी घराणी इकडे येऊन वसली. एका आडतीत तोलाई-हमाली वाढली की गाड्या दुसऱ्या बाजाराला वळतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा गावाचं पोट मोत्यांवर चाले. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि तो धंदा बसला. उरली फक्त खाडी. तीही गाळाने भरत चालली होती. शेजारच्या शारजाची खाडी अशीच भरली आणि तगरसारखाच तिचा व्यापार गेला. शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज काढून १९५९ पासून खाडीचा गाळ उपसायला घेतला. तेल सापडायला तेव्हा सात वर्षं बाकी होती. माझ्या मते दुबईच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हाच. बुर्ज खलिफा त्याच्यापुढे शोभेचा दिवा. त्यानंतर १९७२ ला रशीद बंदर, १९७९ ला जेबेल अली बंदर, १९८५ ला करमुक्त क्षेत्र, त्याच वर्षी एमिरेट्स विमान कंपनी. तिची पहिली विमानं कराचीला आणि मुंबईला सुटली.

जाता जाता एक गंमत. १९४० च्या दशकात दुबईच्या बाजारात आपला रुपया चालायचा, आणि उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) बाजारात मात्र तो परका होता! निजामाच्या राज्यात हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला आपले आजे ‘कलदार’ म्हणत, आणि शंभर कलदाराला साधारण एकशे सतरा हाली मोजावे लागत. म्हणजे ब्रिटिश हद्दीतल्या बार्शीला जाताना पैसे बदलून घ्यायचे. दुबईचा व्यापारी मात्र मुंबईला तेच पैसे घेऊन उतरणार. आखातात साठलेला रुपया सोन्याच्या चोरट्या व्यापारात फिरतो हे पाहून भारत सरकारने १९५९ मध्ये तिथल्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आखातातल्या राज्यांनी रुपया सोडायला घेतला. दिरहम आला १९७३ मध्ये. आज एका दिरहमला वीसहून जास्त रुपये पडतात आणि आपली पोरं तो कमवायला जातात.

१९६८ मध्ये दुबईची लोकसंख्या साठ हजारांच्या आत होती. आज ती अडतीस लाखांच्या वर आहे. आपला अख्खा जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांचा. दुबईच्या या अडतीस लाखांत दहातले नऊ परदेशी, आणि त्यांत सगळ्यात मोठा गट भारतीयांचा.

त्यातला एक आमच्या गल्लीतला आहे. आयटीआय करून एसी दुरुस्तीच्या कामाला गेला, त्याला सहा वर्षं झाली. दसऱ्याला आला होता. धाराशिवहून मुंबईला ट्रॅव्हल्सने अख्खी रात्र लागते, आणि मुंबईहून दुबईला विमान तीन तासांत पोचतं, हे तो दर वेळी नव्याने सांगतो. ओट्यावर बसून मी त्याला विचारत गेलो, तो सांगत गेला.

“रूममधी आठ जण, काका. पलंगावर पलंग. माझा वरचा. खालच्याची ड्युटी रातची, त्यामुळं मी उठलो तरी लाईट लावायची न्हाई. अंधारातच कपडे घालायचे.” पहाटे साडेचारला न्हाणीसाठी रांग, मग कंपनीची बस. जेवण मल्याळी माणसाच्या मेसचं. भाकरी? धनंजय दातारांच्या ‘अल अदील’ दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. दातारांच्या वडिलांनी १९८४ मध्ये तिथं छोटं दुकान टाकलं, त्याची आज साखळी झालीय. “पीठ मिळतंय हो,” तो म्हणाला, “थापायला जागा कुठाय?”

उन्हाचं त्याने सांगितलं ते आपल्या कल्पनेबाहेरचं. आपण मे महिन्यात तापतो, पण आपला ताप कोरडा. गाव डोंगरपठारावर, झाडाखाली गेलं की वारा लागतो. तिथं समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही. म्हणून १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. एसीवाल्याला त्याचा फायदा किती, तर त्याच दिवसांत त्याला सगळ्यात जास्त बोलावणी.

घरी फोन करायचा तर व्हॉट्सॲपचा कॉल तिथं लागत नाही. त्यासाठी ‘बोटिम’ नावाचं ॲप. त्याच्या वडिलांच्या मोबाईलमध्ये तीनच गोष्टी आहेत : बोटिम, हवामान आणि सोयाबीनचे भाव.

राहायची वस्ती कोणती विचारलं तर म्हणाला, सोनापूर. मी चमकलोच. मुंबईच्या मराठीत सोनापूर म्हणजे स्मशान. दुबईतलं सोनापूर म्हणजे शहराच्या कडेची मजुरांच्या छावण्यांची वस्ती; सरकारी नाव मुहैस्ना. हे नाव हिंदुस्थानी मजुरांच्याच तोंडचं.

शहर बदलतं ते त्याच्या डोळ्यांदेखत. २००९ मध्ये सुरू झालेली चालकाविना धावणारी मेट्रो त्याला फारशी उपयोगी नाही, कारण कामाची जागा दर आठवड्याला बदलते. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली, जगाच्या बाजाराशी वेळ जुळावी म्हणून. आडत्या गिऱ्हाइकाचा वार बघूनच दुकान उघडतो. नावंही बदलतात. ४ जानेवारी २०१० ला ८२८ मीटरचा मनोरा खुला झाला, तोवर तो ‘बुर्ज दुबई’ होता. कर्जाच्या संकटात अबुधाबीने हात दिला होता, आणि उद्घाटनाच्या दिवशी तो अबुधाबीच्या शेखांच्या नावाने ‘बुर्ज खलिफा’ झाला. नाव बदलण्याचा अनुभव आपल्याला आहेच. या पोराच्या पासपोर्टवर जन्मस्थळ उस्मानाबाद आहे आणि एसटीच्या पाटीवर धाराशिव.

पाण्याचा विषय निघणारच होता. धाराशिव शहर शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीचं पाणी पितं. दुबई समुद्राचं खारं पाणी गोडं करून पिते, आणि त्याला लागणाऱ्या वीज-इंधनाची किंमत मोजते. १६ एप्रिल २०२४ ला तिथं एका दिवसात वर्षभराहून जास्त पाऊस झाला. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली, मोटारी तरंगत होत्या. पुढचे काही दिवस रस्त्यांवर टँकर उभे होते. “आपल्याकडं टँकर पाणी घेऊन येतंय,” तो म्हणाला. “तिथं पहिल्यांदा बघितलं, टँकर पाणी वडून न्यायलेत.”

आता आडतीतल्या हमालाचा हिशोब. तिथल्या रहिवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर परत. वीस वर्षं काढली तरी साध्या कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, तशी म्हातारपणाची पेन्शनही नाही. तिच्या जागी नोकरी संपताना एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचा. शब्द नीट वाचा, मूळ पगार. समजा, पगार २,००० दिरहम सांगितला, पण करारात मूळ पगार १,२०० आणि बाकी भत्ते. सहा वर्षांची रक्कम ५,४०० दिरहम होते. पोरगा मनात २,००० वर हिशोब करून ९,००० धरून बसलेला असतो. फरक ऐंशी हजार रुपयांच्या वर. आमच्या या पोराने सहा वर्षांत करार एकदाही पुरता वाचला नव्हता. दसऱ्याच्या दुपारी आम्ही दोघांनी मोबाईलवर तो वाचला, आणि तो बराच वेळ गप्प बसला.

ऊसतोडीला मुकादम उचल देतो, दुबईला एजंट उचल घेतो, एवढा या दोन स्थलांतरांत फरक. खरं तर अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. आपल्याकडच्या नियमाने परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. प्रत्यक्षात शेत गहाण पडतं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, त्याला आखातात नोकरीवर जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. हे टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात. मग करार नाही, विमा नाही, आणि तिथं काम करणं हाच गुन्हा.

म्हणून ज्यांच्या घरातला कुणी निघायच्या तयारीत आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. एजंटाचा परवाना क्रमांक मागून घ्या आणि परराष्ट्र खात्याच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तो ताडून पाहा. पैसे रोख देऊ नका, पावती घ्या. करारातला मूळ पगाराचा आकडा घरातल्या दोघांनी तरी वाचा. व्हिजिट व्हिसावर कामाला कुणी पाठवत असेल, तर मुंबईच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढू नका.