इंजिनाची ओढ आणि पेट्रोलचा दाब

मोटार काळा धूर ओकूं लागली कीं धन्याचा संशय प्रथम महागड्या यंत्रावर जातो. दोष मात्र कधीं कधीं एका लहानशा डबींत असतो. तिचें कार्य आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

पेट्रोल-इंजिनाचा दट्ट्या हवा आंत ओढतो. इंजिन मंद चालत असतां हवेचें द्वार जवळजवळ मिटलेलें असतें. त्यामुळें हवानळींतील दाब बाहेरच्यापेक्षां सुमारें ०.६ बारनें उतरतो. ह्या ओढीलाच व्हॅक्यूम म्हणतात. त्याच नळींत पिचकारी पेट्रोल उडविते. पुढें ओढ असून मागील दाब तेवढाच राहिला, तर तेवढ्याच वेळांत पेट्रोल अधिक पडेल.

म्हणून बॉशच्या एल-जेट्रॉनिकसारख्या रचनेंत दाब आवरणारी डबी असते. तिच्यांत मधोमध पडदा. एका अंगास पेट्रोल, दुसऱ्या अंगास स्प्रिंग व हवानळीकडे जाणारी रबरी नळी. ओढ वाढली कीं पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकतो, परतीची वाट रुंदावते, जादा पेट्रोल टांकींत परततें आणि ३ बारचा दाब २.४ वर येतो. द्वार पूर्ण उघडतांच ओढ ओसरते व दाब पुन्हां चढतो. पिचकारीच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील अंतर मात्र सदा ३ बारच राहतें.

रबरी नळी निसटली तर मंद चालींत पेट्रोल वायां जातें. पडदा फाटला तर तें नळीवाटे थेट इंजिनांत शिरतें, आणि काळा धूर निघतो. अनेक नव्या गाड्यांत ही नळी नाहीं. तेथें संगणक पिचकारी उघडी राहण्याचा वेळ बदलून तेंच साधतो.

विद्यार्थ्यांनो, मोठ्यास दोष देण्यापूर्वीं लहान वस्तु तपासावी, हेंच आमचें सांगणें.