पोटापाण्यासाठी आले, लांजीचे झाले

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोंदिया जिल्ह्याच्या सीमेलगत लांजी हे तहसिलीचं गाव आहे. जुना किल्ला, त्याचा खंदक, लांजकाई देवीचं स्थान आणि श्रावणात कावड घेऊन येणाऱ्यांनी फुलून जाणारं कोटेश्वर महादेवाचं मंदिर एवढं पाहून बहुतेक जण परततात. इथली माणसं कुठून आली आणि इथली कशी झाली, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. आज तर ते विचारायलाच हवं. आयर्लंडसारख्या देशात शिकायला गेलेल्या आणि पुढे नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मुलांना घरून एकच सांगणं असतं : आधी नोकरी बघ, तिथले सण, खेळ, गाणीबजावणी नंतर. सांगणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण काम शोधणं आणि परक्या मुलखात रमणं ही दोन कामं अशी वेगळी काढता येत नाहीत, आणि लांजीच्या परिसराइतका त्याचा चांगला दाखला मिळणं कठीण.

रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात मांडलिक मुलखांच्या यादीत ‘लांजिका’ हे नाव येतं. पुढे गोंडांचा अंमल आला, मग नागपूरकर भोसल्यांचा, मग इंग्रजांचा. १८६७ साली बालाघाट जिल्हा बनला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा एका राज्यात, बालाघाट दुसऱ्या राज्यात गेला. राज्यकर्ते बदलत राहिले आणि कामाच्या शोधात माणसं येत राहिली. त्यांतला पोवार समाज हे ठळक उदाहरण. आपण माळव्यातल्या धारेकडून आलो, आधी रामटेकजवळच्या नगरधनला राहिलो, भोसल्यांच्या कटक मोहिमेत चाकरी केली आणि वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळवल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. परंपरेचा तपशील कोणी तपासून घ्यावा. पण माळवा हा काळ्या मातीचा, गहू-ज्वारीचा मुलूख, आणि त्यांच्या वाट्याला आला तो धानाचा. धानाची शेती एकट्याने होत नाही. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरतं, बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी पाळीने घ्यावं लागतं, रोवणा म्हणजे रोपांची लावणी चार-आठ दिवसांत उरकायचा तर चिखलात उतरणारे दहा हात लागतात. शेजाऱ्याची बोली कळत नसेल तर पाणी कधी सोडायचं हेही ठरत नाही. म्हणजे चाकरीने जमीन मिळाली असेल, पण पीक हाती आलं ते इथल्या रीतीभाती शिकल्यावरच.

ती शिकवण आजही सणांत दिसते. दुकानांच्या पाट्या हिंदीत, शाळा हिंदीत, पण श्रावण सरताना पोळा येतो तो अस्सल वैदर्भीय. दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोदीची प्रतिमा निघते, रोगराई सोबत ने असं विनवत तिला गावाबाहेर नेलं जातं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. कोण कुठून आलं याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जुन्या लोकांना जमीन मिळाली. आजच्या मुलाला मुदत मिळते. आयर्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला फार तर २४ महिने असतात, घरभाडं थांबत नाही, मग हर्लिंगसारख्या तिथल्या खेळाच्या मैदानावर वेळ घालवणं परवडेल कसं? आक्षेपात तथ्य आहे. पण मुदत थोडी असते तेव्हाच ओळखीपाळखीची गरज जास्त. तिथले हर्लिंगचे क्लब १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक खेळांच्या संघटनेचे. ते गावोगावी, बिनपगारी स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे गेली तर स्थानिक इंग्रजीचा हेल कानात बसतो आणि कुठे जागा निघाली आहे हे सांगणारं माणूस भेटतं. खोलीत बसून शंभर अर्ज पाठवल्याने हे घडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : असं मिसळत गेलं तर आपली भाषा जाईल. खुद्द आयर्लंडचा अनुभव तसा आहे. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली, त्याहून अधिकांनी देश सोडला. परदेशी काम मिळावं म्हणून आईबापांनीच मुलांना इंग्रजीकडे वळवलं आणि आयरिश पश्चिमेच्या किनाऱ्यापुरती मागे सरली. मात्र ती मिसळल्याने गेली नाही. पोट भरायचं तर घरची बोली टाकलीच पाहिजे, असं वाटू लागलं म्हणून गेली. लांजीकडे उलट घडलं. डब्लिन परगण्यात जन्मलेल्या जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात पोवारी बोली पूर्व हिंदीच्या खंडात येते, मराठीच्या नव्हे. मराठी शेजारात पिढ्या काढूनही पोवारांनी घरात आपली बोली ठेवली होती आणि बाजारात मराठी-हिंदी दोन्ही चालवल्या. आता शाळा आणि टीव्ही यांच्या रेट्यात ती बोली नव्या पिढीच्या तोंडून कमी होते आहे, ही चिंता मात्र खरी आहे. तिच्यासाठी घरात बोलणं हाच उपाय आहे.

लांजी पाहायची तर पोळ्याच्या दिवसांत जावं आणि नारबोदीपर्यंत मुक्काम ठेवावा. गोंदिया-दुर्ग लोहमार्गावरच्या आमगाव स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जाता येतं. मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली असेल, तर त्यांनाही सोबत न्या.