जादूची पुस्तके कोणत्या इयत्तेत द्यावीत?

वसतिगृहाच्या कपाटात हॅरी पॉटरचे मराठी भाग दिसले, की पालक विचारतात : २२ प्रतिज्ञा उच्चारणाऱ्या घरांतील मुलांना ही मंत्रतंत्राची पुस्तके कशाला? शंका रास्त आहे. तथापि गोष्टीतील जादू आणि भगताचा अंगारा यांतील भेद पाचवीचे मूलही जाणते. वय ठरवावे लागते ते अन्य कारणांनी.

जे. के. रोलिंग यांची ही सात भागांची मालिका १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाली. नायक पहिल्या भागात ११ वर्षांचा होतो, सातव्यात १७ वर्षांचा; आणि त्याच्या वयाबरोबर गोष्टीतील भयही वाढत जाते. चौथ्या भागाच्या अखेरीस त्याच्या डोळ्यांदेखत एका शाळासोबत्याची हत्या होते. असे पान वाचून घाबरलेले मूल घरी आईच्या कुशीत शिरते. वसतिगृहात दिवे मालवल्यावर ते एकटेच असते. म्हणून चौथा भाग आठवीपूर्वी देऊ नये, असे माझे मत आहे.

दुसऱ्या भागाविषयी मात्र माझा आग्रह उलट आहे. वर्गात सर्वांत हुशार असलेल्या हर्मायनीचे आईवडील जादूगार नाहीत, म्हणून तिला अशुद्ध रक्ताची ठरवून हिणवले जाते. तिला त्या शिवीचा अर्थही ठाऊक नसतो. खर्ड्याची २०१४ सालची घटना ज्या घरांत अद्याप दबक्या आवाजात बोलली जाते, तेथील मुलाला तो सांगावा लागत नाही. हा भाग सहावीतच द्यावा; ते पान मात्र शिक्षकाने वर्गात बसून वाचावे, आणि नंतर मुलांना बोलू द्यावे.