टिकणाऱ्या कामाला मत कोण देणार?

गावातल्या निवडणुकीत दिसणाऱ्या कामाला मते मिळतात. काँक्रीटचा रस्ता दिसतो, सभामंडप दिसतो, वेशीवरची कमान तर येणाऱ्या-जाणाऱ्या एस.टी.तूनही दिसते. जमिनीत मुरलेले पाणी मात्र कुणालाच दिसत नाही. आणि मी मते मागायला निघाले होते ती नेमकी या मुरणाऱ्या पाण्याच्या नावाने.

डिसेंबर 2022 मध्ये आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंचपद महिलेसाठी राखीव होते. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणजे सदस्यांची जुळवाजुळव न करता सरळ मतदारांपुढे जाता येणार होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत 28 वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या बाईला तेवढे पुरेसे वाटले. घरात शौचालय आहे, करांची थकबाकी नाही, मुले दोनच आहेत, हे सारे कागदोपत्री सिद्ध करून अर्ज भरला. ग्रामपंचायतीला पक्षांची चिन्हे नसतात. मला मिळाली कपबशी. ‘आता चहा तरी पाजा,’ अशी थट्टा पारावर झाली. समोर उभी होती आमच्याच भावकीतली, माझ्या चुलत दिराची सून.

आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते. विहीर आहे, टाकी आहे, पण पंपाचे वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि बायका हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरींकडे निघतात. दुसरीकडे घराघरांतले सांडपाणी उघड्या गटारातून वाहत खालच्या आळीत, हातपंपाशी येऊन साचते. प्यायला पाणी नाही आणि पायाखाली मात्र डबके! पावसाळ्यानंतर त्या आळीत घरटी एक तरी माणूस तापाने आडवे असते.

म्हणून माझ्या पत्रकात तीनच कामे होती. प्रत्येक घराला शोषखड्डा, पाणीपुरवठ्याला सौरपंप आणि ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढून तो शेतात टाकणे. ‘शाश्वत विकास’ हा शब्द मी एकदाही वापरला नाही. गावात त्याला ‘टिकणारं काम’ म्हणतात.

शोषखड्ड्याची कल्पना माझी नव्हे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावाने ती करून दाखवली आणि पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ती गाजली. घराजवळ साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची, भोवती दगड भरायचे आणि मोरीचे पाणी त्यात सोडायचे. गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. गटारच उरले नाही तर डासांनी अंडी घालायची कुठे?

हे मी दारोदारी सांगत होते. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, खड्डे बुजवायला सरपंच करतात. तुम्ही खड्डे खणायला निघालात!” मीही हसले. पण हसून झाल्यावर पैशाचा हिशेब मांडला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बंधित होती. निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पाण्यासाठी. ती कमानीवर खर्च करताच येत नव्हती. म्हणजे शोषखड्ड्यांसाठी कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती. इच्छा हवी होती. आजोबा म्हणाले, “हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही.”

काँक्रीटच्या रस्त्याला माझा विरोध नव्हता. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्ली सिमेंटने लिंपली की पावसाचे पाणी धावत ओढ्याला जाते आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. हे पटायला जड जाते, कारण रस्त्याचे सुख आज मिळते आणि विहिरीचे दुःख सहा महिन्यांनी. बायकांना मात्र ते चटकन समजायचे. एकजण उंबऱ्यातच हळू आवाजात म्हणाली, “पाण्याचं पटतंय हो बाई, पण मत घरात ठरतं.”

चांगले काम केले की लोक पाठीशी राहतातच, असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी तीन दशके पाण्यासाठी काम केले. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. अनेक वर्षांच्या बिनविरोध परंपरेनंतर जानेवारी 2021 मध्ये त्या गावातही मतदान झाले आणि सगळ्या जागा पवारांच्या पॅनेलला मिळाल्या. त्याच निवडणुकीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात वेगळे घडले. कर भरणाऱ्याला मोफत दळण देणारे गाव म्हणून भास्करराव पेरे-पाटलांनी पाटोद्याचे नाव राज्यभर नेले होते. ते स्वतः उभे नव्हते, पण त्यांच्या घरातला उमेदवार पराभूत झाला. मतदार कामाची पावती देतो, पण ती आपल्याला हवी तेव्हा आणि हव्या त्या नावाने देतोच असे नाही.

मी 63 मतांनी हरले. रात्री गुलाल उधळला गेला आणि मिरवणूक आमच्या दारावरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मला एक गोष्ट उमगू लागली. खुर्ची हरले होते, ग्रामसभा नव्हे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो, निवडून आलेला असो वा पडलेला. आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेला एरवी सात-आठजणी येत, सह्या करून जात. त्या वर्षी खालच्या आळीतल्या बायकाच चाळीसच्या वर आल्या. घरात मत ठरवणारे तिथे नव्हते. शोषखड्ड्यांची मागणी त्यांनी तोंडी न ठेवता ठरावात लिहून घेतली आणि वाचून दाखवा म्हणाल्या.

आठवड्याने नव्या सरपंच घरी आल्या. “काकू, तो खड्ड्यांचा हिशेब तुमच्याकडे आहे ना?” मी वही पुढे केली. दोघींनी मिळून कोणत्या घराचे पाणी कुठे वाहते याचा नकाशा पूर्ण केला. पहिले बारा खड्डे खालच्या आळीत झाले. त्यांचा काँक्रीटचा रस्ताही झाला, पण दोन्ही कडांना हातभर माती उघडी ठेवून. सौरपंपाचा प्रस्ताव अजून फायलीतच आहे आणि बंधाऱ्यातला निम्मा गाळ तसाच आहे.

पुढच्या वेळी उभी राहणार का, असे लोक विचारतात. ते तेव्हा पाहू. एवढे मात्र नक्की की सरपंच पाच वर्षांतून एकदा निवडला जातो आणि ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते. आपल्या अंगणातले पाणी कुठे जाते, हा प्रश्न तिथे विचारायला अनामत रक्कम लागत नाही.