भागीदार पत्करण्यापूर्वी

गोव्यात ज्याच्यापाशी वडिलोपार्जित घर असते त्याच्यापाशी बहुधा सवड नसते, आणि ज्याच्यापाशी सवड व आतिथ्याचा उत्साह असतो त्याच्यापाशी घर नसते. तेव्हा पर्यटकांस अल्प मुदतीने खोल्या देण्याच्या धंद्यात या दोघांनी एकत्र यावे हे स्वाभाविकच होय. तथापि भागीदाराची पारख भांडवलापेक्षा त्याच्या वास्तव्यावरून करणे श्रेयस्कर, कारण मध्यरात्री पाण्याचा पंप बंद पडला असता दूरस्थ भांडवल पाहुण्याच्या काडीइतकेही उपयोगी पडत नाही.

१९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमान्वये, करारात निराळे ठरले नसेल तर नफा-तोटा समभागाने वाटला जातो आणि कारभार पाहणाऱ्यास वेगळा मेहनताना मागता येत नाही. म्हणजे चादरी बदलण्यापासून जमाखर्चापर्यंत सारा भार वाहणारा आणि मुंबईत बसून केवळ हिस्सा घेणारा, हे दोघे कायद्याच्या दृष्टीने तुल्य ठरतात. (हा अन्याय नव्हे, न लिहिण्याचे फळ आहे.) पेढीच्या देण्यांची जबाबदारी तर प्रत्येकावर संयुक्तपणे आणि पृथकपणेही असते. पेढी निबंधकाकडे नोंदलेली नसेल तर करारातील हक्कासाठी सहभागीदारावर दावा लावण्याची वाटही सामान्यतः बंद होते.

घर समाईक असल्यास सर्व वारसांची लेखी संमती आधी घ्यावी. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालील नोंदणी कोणाच्या नावे राहील, आणि भागीदारी मोडल्यास ऑनलाइन आरक्षणाच्या खात्यावर जमलेले पाहुण्यांचे अभिप्राय कोणाकडे जातील, हेही करारपत्रात नमूद असावे.